किराणा दुकानातील हवा आणि आपले आरोग्य

किराणा घेताना आपण बऱ्याच गोष्टी निरखून पाहतो. ज्वारी तळहातावर घेऊन दाणा टपोरा आहे की नाही हे बघतो, तुरीच्या डाळीत खडे शोधतो, तेलाच्या पिशवीवरील तारीख वाचतो आणि वजनकाट्यावर लक्ष ठेवतो. परंतु हे सर्व करीत असताना त्या दुकानात उभे राहून आपण जी हवा छातीत घेतो, तिच्याकडे मात्र आपले क्वचितच लक्ष जाते. अन्न हे आरोग्यासाठी घेतले जाते. ते घेण्याचे ठिकाणही आरोग्यदायी असावे, ही अपेक्षा वाजवी आहे. बीड जिल्ह्यातील आपल्या परिचयाचा मोंढा, गल्लीतले किराणा दुकान आणि त्याला लागून असलेली पिठाची गिरणी डोळ्यांसमोर ठेवून या विषयाची माहिती घेणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

बीड जिल्ह्यात अकरा तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे पंचवीस लाख पंच्याऐंशी हजार होती. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई अशा शहरांपासून लहान खेड्यांपर्यंत किराणा दुकान नाही असे गाव शोधून सापडणार नाही. ऊसतोडीसाठी बाहेरगावी निघण्यापूर्वी कुटुंबे येथूनच काही महिन्यांचा किराणा भरून नेतात. घरातील आजी, बाळंतीण, शाळकरी मूल असे सर्वजण कधी ना कधी दुकानाची पायरी चढतात. म्हणून या दुकानातील हवेचा प्रश्न केवळ दुकानदाराचा नाही, तर साऱ्या गावाचा आहे.

दुकानाची बांधणी बदलली

जुन्या पद्धतीचे किराणा दुकान रस्त्याच्या कडेला ओट्यावर असे. सकाळी लाकडी फळ्या काढल्या की दुकानाचा संपूर्ण दर्शनी भाग उघडा होई. दुकानदार आत गादीवर बसे आणि गिऱ्हाईक बाहेर, मोकळ्या हवेत उभे राही. माल आतून बाहेर दिला जाई. गिऱ्हाईक पोत्यांच्या खोलीत जात नसे. मराठवाड्यातील माळवदाच्या जुन्या घरांना छतामध्ये धूर बाहेर जाण्यासाठी व उजेड आत येण्यासाठी एक भोक ठेवलेले असे. तापलेली हवा वर चढून तेथून निघून जाई.

आज बहुतेक दुकाने व्यापारी संकुलातील गाळ्यांमध्ये आहेत. अशा गाळ्याला पुढे एक शटर असते. मागची भिंत आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजारच्या गाळ्यांना चिकटलेल्या असतात. वर पोटमाळा असतो व त्यावर खोकी, बारदाना आणि पोती रचलेली असतात. हवा पुढून आत शिरते, पण तिला मागे बाहेर पडण्यास वाट नसते. त्यामुळे पुढच्या चार-पाच फुटांतील हवा बदलत राहते आणि मागील भागातील हवा दिवसभर तशीच कोंडून राहते. छताचा पंखा ही हवा केवळ ढवळतो, ती बदलत नाही. उलट खाली बसलेली धूळ तो पुन्हा उडवितो.

अलीकडे तालुक्याच्या गावीही स्वतः माल निवडून घेण्याची मोठी दुकाने निघाली आहेत. तेथे काचेचे दार बंद असते आणि वातानुकूलन यंत्र चालू असते. थंड वाटणारी हवा शुद्धच असणार असा आपला समज होतो. तो बरोबर नाही. भिंतीवर बसविलेले नेहमीचे वातानुकूलन यंत्र खोलीतलीच हवा ओढून, थंड करून पुन्हा खोलीत सोडते. बाहेरची ताजी हवा ते आत आणीत नाही. त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते आणि लहान दुकानांत ती सहसा नसते.

दुकानातील हवेत काय असते

सर्वप्रथम धान्याची धूळ. पोते उलटे करताना, चाळणी मारताना, पीठ भरताना जी धूळ उडते, ती केवळ माती नसते. तिच्यात दाण्याची टरफले, पिठाचे कण, बुरशीचे बीजाणू, किडे व अतिसूक्ष्म कोळी यांचे अवशेष आणि जिवाणूंचे अंश असतात. पावसाळ्यात ओल लागलेल्या पोत्यांमध्ये बुरशीचे प्रमाण वाढते. ही धूळ रोज श्वासावाटे आत गेल्यास नाक वाहणे, डोळे चुरचुरणे, कोरडा खोकला आणि पुढे दमा होऊ शकतो. गव्हाच्या पिठामुळे होणाऱ्या दम्याला वैद्यकशास्त्रात बेकरी कामगारांचा दमा असे नावच आहे. ही गोष्ट नवी नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात भट्टीवाले, पीठ दळणारे आणि धान्य चाळणारे यांच्या छातीच्या तक्रारींची नोंद आहे. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलेला हा आजार आजही गिरणीत व मोंढ्यात भेटतो.

दुसरी गोष्ट मिरचीची. उन्हाळ्यात वर्षाचे तिखट करण्याच्या दिवसांत कांडप यंत्राजवळून जाताना ठसका लागला नाही असा माणूस विरळा. मिरचीतील कॅप्सायसिन या द्रव्यामुळे हे घडते. आपल्या मज्जातंतूंवर उष्णतेची जाणीव करून देणारे जे ग्राहक असतात, त्यांनाच हे द्रव्य चेतविते. म्हणून तिखटाने तोंड, डोळे व घसा भाजल्यासारखा वाटतो. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये हा ग्राहक शोधून काढला. २०२१ साली त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी माणसाचा ठसका काही मिनिटांत थांबतो. दम्याच्या रुग्णाला मात्र तेवढ्या उबळीनेही धाप लागू शकते.

तिसरी गोष्ट धुराची. सकाळी दुकान उघडल्यावर उदबत्ती लावली जाते, संध्याकाळी डासांसाठी कॉइल पेटविली जाते. उदबत्ती श्रद्धेने लावली जाते आणि आपल्या उपासनेतही धूप वापरला जातो. त्यामागील भक्तिभावाविषयी येथे प्रश्न नाही. पण बंद जागेत जळणारी कोणतीही वस्तू हवेत सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते, हे वस्तुस्थिती म्हणून ध्यानात घ्यावे. डासांच्या कॉइलविषयी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की एक कॉइल पूर्ण जळल्यावर सुमारे ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतील इतके सूक्ष्म कण बाहेर पडतात. दारे बंद करून कॉइल लावणे म्हणूनच अपायकारक आहे. वीज गेल्यावर दुकानाच्या आत किंवा दारात जनित्र चालविणे त्याहून धोक्याचे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो व वासही नसतो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची पहिली लक्षणे होत.

याशिवाय बाहेरची धूळ आहेच. उन्हाळ्यातील वावटळी, वाहनांचा धूर, रस्त्याच्या कामांची माती हे सर्व दुकानात येऊन बसते. परळी वैजनाथ येथे कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जाळल्यावर उरणारी राख अत्यंत हलकी असते व ती झाकून न ठेवल्यास वाऱ्याबरोबर दूरवर जाते. अशा परिसरात दार उघडे ठेवावे की बंद, हा दुकानदारापुढील खराखुरा पेच आहे. त्यावर उपाय एकच. वारा धूळ आणीत असेल तेवढा वेळ दार ओढून घ्यावे, वारा पडल्यावर ते पूर्ण उघडावे आणि बसलेली धूळ ओल्या फडक्याने पुसून काढावी.

कण जितका लहान, तितका खोल

धुळीचे सर्व कण सारखे नसतात. मोठे कण नाकातील केसांत व घशातील चिकट स्रावात अडकतात आणि शिंकेवाटे किंवा खोकल्यावाटे बाहेर पडतात. अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण मात्र फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे तिसावा हिस्सा, एवढा त्यांचा आकार. यांनाच पीएम २.५ असे म्हणतात. धुरातील बहुतांश कण या गटात मोडतात. त्यातील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात व हृदयावर परिणाम करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार एका घनमीटर हवेत या कणांची वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. २००९ साली ठरविलेल्या भारतीय मानकानुसार बाहेरच्या हवेसाठी ही मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे.

छातीचे आजार केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतात, अशी आपली जुनी समजूत आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या सीओपीडी या विकाराच्या जगभरातील रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीही धूम्रपान केलेले नसते. चुलीचा धूर, कामाच्या जागेवरील धूळ व वायू ही त्यामागील महत्त्वाची कारणे होत. याच पुण्याच्या संस्थेच्या पुढाकाराने १ फेब्रुवारी २०११ रोजी देशातील ८८० शहरांत व गावांत एकाच दिवशी डॉक्टरांकडे आलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली. त्यांपैकी निम्म्या रुग्णांना श्वसनाशी संबंधित तक्रार होती.

धान्य टिकविणाऱ्या गोळ्यांचा धोका

आतापर्यंत सांगितलेल्या गोष्टी हळूहळू अपाय करणाऱ्या आहेत. एक गोष्ट मात्र एका रात्रीत प्राण घेऊ शकते. ती म्हणजे धान्याला सोंडे व किडे लागू नयेत म्हणून पोत्यांत ठेवल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. खेड्यापाड्यांत त्यांना सल्फासच्या गोळ्या म्हणून ओळखतात. ही गोळी पोटात गेली तरच विष, असा अनेकांचा समज आहे. वास्तविक तिचे काम वायूने चालते. हवेतील ओलावा लागताच गोळीतून फॉस्फीन नावाचा वायू बाहेर पडू लागतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन निघतो आणि ही क्रिया काही दिवस चालू राहते. हा वायू किडे मारतो, तसाच माणसालाही मारतो. तो हवेपेक्षा किंचित जड असतो. भिंतीच्या फटींतून आणि पोटमाळ्याच्या फळ्यांमधून तो शेजारच्या खोलीत शिरतो. त्याला कधी लसणासारखा, कधी सडलेल्या मासळीसारखा वास येतो. पण वास येत नाही म्हणून वायू नाही, असे समजू नये.

या वायूवर कोणताही विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. डोकेदुखी, मळमळ, उलट्या, छातीत आवळल्यासारखे वाटणे, धाप लागणे, पोटात दुखणे ही त्याची लक्षणे होत. शिळे अन्न बाधले असावे, असे समजून कुटुंबे घरीच थांबतात आणि वेळ निघून जाते. धान्य ठेवलेल्या खोलीत झोपलेल्या लहान मुलांचे असे मृत्यू आपल्या देशात पुनःपुन्हा घडले आहेत. आपल्याकडे दुकानामागे किंवा दुकानावरच कुटुंबाचा मुक्काम असतो. रात्री राखणीसाठी एखादा नोकर पोत्यांच्या खोलीतच अंथरूण टाकतो. म्हणून ही माहिती प्रत्येक घरात पोहोचणे अगत्याचे आहे.

याबाबत कायदा स्पष्ट आहे. २००१ साली केंद्र सरकारने या गोळ्यांच्या १० व २० गोळ्या असलेल्या नळ्यांवर पूर्ण बंदी घातली. या गोळ्यांचा वापर शासकीय संस्थांनी अथवा परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावयाचा आहे. धान्यात फोडून ठेवण्याच्या ईडीबी या द्रवाच्या काचेच्या कुप्या पूर्वी घरोघरी दिसत. त्यांवरही त्याच वर्षी बंदी आली. तसेच १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार ज्या इमारतीत खाद्यपदार्थ ठेवले किंवा विकले जातात, तेथे शेतीची कीटकनाशके ठेवण्यास वा विकण्यास मनाई आहे. सवलत आहे ती केवळ घरगुती वापरासाठी नोंदणी झालेल्या, बंद पॅकिंगमधील वस्तूंना. एखादा दुकानदार ओळखीखातर चार गोळ्या कागदात बांधून देत असेल, तर त्या नम्रपणे नाकाराव्यात.

अशा गोळ्या कोठे ठेवल्याचे लक्षात आल्यास सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. काय झाले ते पाहण्यासाठी पुन्हा आत जाऊ नये. गोळ्यांवर पाणी टाकू नये, कारण पाण्याने वायू एकदम मोठ्या प्रमाणात सुटतो व पेटही घेऊ शकतो. कोणाला त्रास होत असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना गोळ्यांविषयी आवर्जून सांगावे. रुग्णाला जवळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे. जिल्ह्यात अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे.

घरच्या धान्यासाठी सुरक्षित मार्ग आपल्या आजी-पणजींनी घालून दिलेले आहेत. चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात धान्य चांगले वाळवावे, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरावे, त्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. डाळीला एरंडेल तेलाचा हात फिरवावा.

कपड्यांत ठेवण्याच्या डांबराच्या गोळ्या याहून वेगळ्या, परंतु त्याही निरुपद्रवी नाहीत. त्यांची वाफ सतत हवेत मिसळत असते. जी-६-पी-डी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी या वाफेने फुटू शकतात व कावीळ होऊ शकते. तान्ह्या बाळाचे कपडे या गोळ्यांमध्ये ठेवू नयेत. दुकानदारांनीही त्या उघड्या बरणीत न ठेवता बंद पाकिटातच विकाव्यात.

गर्दी आणि श्वास

दुकानातील हवा माणसांमुळेही बिघडते. आपण सोडलेल्या श्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असते. जर्मनीतील म्युनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगून ठेवले, की खोलीत हे प्रमाण एक हजार भागांच्या वर गेले म्हणजे तेथील हवा माणसांना राहण्यास योग्य उरत नाही. या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड स्वतः विषारी नसतो. दुसऱ्याने सोडलेली हवा आपण किती प्रमाणात परत घेत आहोत, याची ती खूण असते.

कोविडच्या साथीने हे आपल्याला कठोरपणे शिकविले. मार्च २०२१ च्या अखेरीस बीड जिल्ह्यात टाळेबंदी लागली, त्या काळात किराणा दुकानाच्या दारात आखलेली वर्तुळे अनेकांना आठवत असतील. आरंभी सर्व भर हात धुण्यावर व वस्तू पुसण्यावर होता. पुढे स्पष्ट झाले, की हा विषाणू बोलताना व श्वास सोडताना निघणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून कोंदट हवेत तरंगत राहतो. क्षयरोगाचे जंतूही हवेतूनच पसरतात. ज्या दुकानात वारा खेळता असतो, तेथे असे जंतू विरळ होऊन निघून जातात. साथ सरली तरी हा धडा विसरण्यासारखा नाही.

धोका कोणाला आणि किती

येथे प्रमाणाचे भान राखणे आवश्यक आहे. निरोगी माणसाने दहा-पंधरा मिनिटे दुकानात उभे राहून साखर-चहा घेतल्याने त्याचे आरोग्य बिघडत नाही. घाबरून जाण्याचे कारण नाही. दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेले रुग्ण, गरोदर स्त्रिया, लहान मुले व वृद्ध यांना मात्र थोड्या वेळातही त्रास होऊ शकतो. लहान मुले मोठ्यांच्या मानाने जलद श्वास घेतात आणि त्यांचे नाक पोत्यांच्या उंचीवर असते.

सर्वांत अधिक झीज सोसतो तो दुकानात काम करणारा माणूस. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत तीच हवा तो घेतो. दुकानदार, त्याची गृहिणी, पुड्या बांधणारा नोकर, पोती वाहणारा हमाल, गिरणीवाला यांचा खोकला आपण इतक्या वर्षांपासून ऐकत आलो आहोत, की तो त्यांच्या धंद्याचाच भाग वाटू लागतो. नाकाची एक रीत अशी, की कोणताही वास काही मिनिटांतच त्याच्या सवयीचा होतो. त्यामुळे दुकानातील कोंदटपणा दुकानदाराला जाणवत नाही. तो जाणवतो बाहेरून आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला. म्हणून ही गोष्ट सांगण्याचे काम गिऱ्हाइकाकडेच येते. ज्याच्या नावावर उधारीचे पान आहे, त्याला असे बोलणे अवघड जाते, हेही खरे. तेव्हा ज्यांना बोलणे शक्य आहे, अशांनी ते बोलावे. “भाऊ, मागे हवा फार कोंडते, एक झरोका काढा, तुमच्याच छातीसाठी सांगतो,” एवढे आपुलकीचे वाक्य पुरेसे असते.

दुकानदारांसाठी काही सूचना

अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील २०११ च्या नियमांत अन्नव्यवसायाच्या जागेत पुरेशी वायुवीजनाची सोय असावी, अस्वच्छ भागातील हवा स्वच्छ भागाकडे वाहू नये, असे सांगितले आहे. त्यासाठी फार खर्च लागत नाही.

पुढच्या शटरच्या समोर, मागील भिंतीत उंचावर एक झरोका काढावा व शक्य असल्यास तेथे हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. मागे दुसऱ्याचा गाळा असेल तर नळी छतावर न्यावी. पत्र्याच्या छपरावर वाऱ्याने फिरणारा गोल झोत-पंखा बसविता येतो, त्याला वीज लागत नाही.

केरसुणीने कोरडा झाडू मारण्याऐवजी आधी पाण्याचा हलका शिडकावा करावा किंवा ओले फडके वापरावे. झाडण्याचे व पोती उलटविण्याचे काम गिऱ्हाईक नसताना उरकावे आणि ते करणाऱ्याने एन-९५ प्रकारचा मास्क लावावा. साधा रुमाल जाड धूळ अडवितो, बारीक कण अडवीत नाही.

पोती भिंतीला व जमिनीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत, म्हणजे ओल व बुरशी लागत नाही. मिरची कांडप यंत्र आणि गिरणी दुकानाच्या खोलीपासून भिंतीने वेगळी करावी.

उदबत्ती दाराजवळ, एकच लावावी. कॉइलऐवजी जाळी बसवावी. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना ज्वालाग्राही वायू सोडते, म्हणून ती हवेशीर जागी असावी. जनित्र नेहमी बाहेर, दारा-खिडकीपासून दूर ठेवावे. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक व कामाच्या जागी धूम्रपानास बंदी आहे. आपल्या दुकानात तिचे पालन व्हावे.

ग्राहकांसाठी काही सूचना

शक्यतो सकाळी, गर्दी नसताना किराणा घ्यावा. यादी लिहून न्यावी, म्हणजे आत थांबण्याचा वेळ कमी होतो. दम्याच्या रुग्णांनी आपला पंप सोबत ठेवावा व मिरची कांडण्याच्या ठिकाणी स्वतः जाण्याचे टाळावे. हे काम घरातील दुसऱ्या कोणी करावे. लहान मुलांना गिरणीत दळणासोबत थांबवून ठेवू नये. घरी आणलेले धान्य निवडताना व पाखडताना अंगणात बसावे, बंद स्वयंपाकघरात नव्हे.

डिसेंबरमध्ये नाताळच्या फराळासाठी रवा, मैदा, साखर, सुके खोबरे घेण्याची लगबग असते. याच दिवसांत थंडीमुळे दुकानांची दारे अर्धी ओढलेली असतात, सर्दी-खोकल्याचे रुग्ण वाढलेले असतात आणि संध्याकाळी धूर जमिनीलगत साचून राहतो. यंदा ही खरेदी नाताळच्या आदल्या दोन दिवसांवर न ठेवता थोडी आधी, दुपारच्या उन्हाच्या वेळी करता येईल. ज्या घरात आजारी व्यक्ती आहे, त्या घरचे सामान शेजाऱ्याने आणून दिले तर ती मोठीच मदत होईल.

धर्मग्रामातील ज्या कुटुंबांची स्वतःची किराणा दुकाने किंवा गिरण्या आहेत, त्यांनी या आठवड्यात दोन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. दुकानाच्या मागील भिंतीशी जाऊन तेथे वारा पोहोचतो का ते पाहावे. तसेच माळ्यावर, कपाटात किंवा पोत्यांमध्ये धान्याच्या विषारी गोळ्या ठेवलेल्या नाहीत ना, हे घरातील जाणत्या माणसाला विचारून खात्री करून घ्यावी. असल्यास त्यांना हात न लावता तालुका कृषी कार्यालयाशी संपर्क साधावा आणि तोपर्यंत त्या खोलीत कोणालाही झोपू देऊ नये.